वर राहिलेला हात

"सर, गेल्या वर्षी गोलपाशी झालेला फाऊल तुम्हाला दिसलाच नव्हता, की दिसूनही तुम्ही घाबरलात?"

हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. बेगिमायने एका दमात विचारून टाकलं आणि मागे वळून पाहिलं, तर चोलपोनसकट सगळ्या जणी पॉपलरच्या झाडांमागे पसार.

नवरोजच्या सणाला होणाऱ्या फुटबॉल सामन्याचं मध्यंतर चालू होतं. तुरारबेक सर गावच्या शाळेत खेळ शिकवायचे आणि वीस वर्षं या सामन्याचे पंच तेच. त्यांनी तळलेल्या पिठाचा बोरसोक चहात बुडवला, सावकाश चावला.

"दिसला होता," ते म्हणाले. "घाबरलो. पाय तुझ्या बाबांचा होता ना."

बेगिमायचं हसू जागच्या जागी विरलं. तिचे बाबा, सापारबेक, पाटाचं पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचं ते ठरवायचे. त्यांच्याशी वाकड्यात शिरायची कोणाची छाती नव्हती.

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून तिच्यापुढे धरली. "दोन वर्षं माझ्याबरोबर रेषेवर झेंडा धरतेस. नियम तुला पाठ आहेत. दुसरा हाफ तू घे."

"मी?"

"का, नुसती जीभच चालते का तुझी?"

आता माघार घेतली तर चोलपोन जन्मभर चिडवणार. बेगिमायने शिट्टी गळ्यात घातली.

सामना लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे. लग्न झालेल्यांनी पांढरी उंच लोकरी टोपी, म्हणजे कलपाक, घालूनच खेळायचं. संघ ओळखायचा तो टोपीवरून. आणि माणसाच्या कलपाकला पाय लावणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारण्यासारखंच.

"सापारबेकची पोर पंच? मग आपण घरी जाऊन झोपलेलं बरं," बिनलग्नाच्यांतला किडकिडीत मेलिस म्हणाला. "बापाला गोल आंदण देईल ही."

तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा मेलिसचा संघ दोन-एकने पुढे होता. बर्फ वितळून मैदानाचा नुसता राडा झालेला. चेंडू छातीइतक्या उंचीवरून गोलसमोर आला. बाबा डोकं मारायला वाकले आणि त्याच क्षणी चेंडू उडवायला मेलिसने पाय थेट त्यांच्या तोंडापर्यंत फिरवला. बाबांनी मान झटक्यात मागे घेतली. कलपाक घसरला. तो जमिनीला टेकायच्या आत त्यांनी हवेतच झेलला.

"टोपीला लाथ मारली! पेनल्टी!" सगळं गाव उभं राहिलं.

बेगिमायने शिट्टी फुंकली. ती चार पावलांवर होती. बूट आणि टोपी यांच्यामधून तिला आभाळाची एक फट दिसली होती. पाय लागला असता तर पेनल्टी. लागला नव्हता, पण तोंडापाशी आला होता, म्हणजे धोकादायक खेळ. त्याला फक्त इनडायरेक्ट फ्री किक. चेंडू आणखी कोणाला लागल्याशिवाय गोल धरायचा नाही. तिने तशी खूण म्हणून हात सरळ वर केला.

बाबा जवळ आले. आवाज अगदी खालचा. "पेनल्टी दे, बेगिश."

"पाय लागला नाही, बाबा."

"मी सांगतोय ना, लागला म्हणून."

"मी चार पावलांवर होते."

"घरी ये, मग बघतो."

कडेला बसलेले एक म्हातारेबुवा म्हणाले, "पोरगी बापावरच उलटली की." बेगिमायने हात वरच ठेवून सरांकडे पाहिलं. ते खूण करेनात, मानही हलवेनात.

"कोणीतरी आधी हलकेच पाय लावा," ती मोठ्याने म्हणाली. "थेट मारलात तर गोल धरणार नाही."

बाबांनी कलपाक घट्ट बसवला आणि सगळा राग पायात आणून चेंडू हाणला. तो रिकाम्या कोपऱ्यातून कोणालाही न शिवता जाळ्यात शिरला. टोप्या टोप्यांना भिडल्या, मिठ्या पडल्या. मग एकेक जण गप्प होत गेला. पोरीचा हात अजून वरच होता.

"कोणालाच लागला नाही," ती म्हणाली. "गोल नाही."

मेलिस तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघतच राहिला. थोड्या वेळाने तिने शेवटची शिट्टी वाजवली.

घरी शोर्पोच्या, म्हणजे मटणाच्या रश्श्याच्या, वाट्या समोर आल्या तेव्हा बाबांनी कलपाक काढून आईच्या हातात दिला. ती ब्रश घेऊन तो साफ करायला बसली.

"अहो, याला तर डागसुद्धा नाही," ती म्हणाली. "मेलिसचे बूट चिखलाने लडबडलेले होते ना?"

बाबांनी टोपी हातात घेतली, दिव्याखाली गोल फिरवून पाहिली. बराच वेळ. मग नीट खुंटीला अडकवली.

"नव्हता लागला," ते वाटीत बघत म्हणाले. "आता पुढच्या वर्षीही पंच तूच का?"

बेगिमायने पाव खाली ठेवला.

"हो, आणि दोन्ही हाफ. आई, बाबा, माझं ठरलंय. उन्हाळ्यात मी नारीन शहरात पंचांच्या शिबिराला जाणार. माझं नाव सरांकडे देऊनच घरी आलेय."