यादीत नसलेला अल्बम

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. सोलापुरातल्या एका दोन खोल्यांच्या घरात, भिंतीतल्या फळीवर माझी जागा आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी माझ्यासारखं यंत्र हाताळलंही नसेल. तुमच्या फोनमध्ये हजारो गाणी मावतात. माझ्या पोटात एका वेळी एकच कॅसेट मावते, आणि तीही निम्म्यावर आली की बाहेर काढून उलटी घालावी लागते.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला थोडंच आठवतं. ओळीनं बसलेल्या बायका, सोल्डरिंगचा वास, आणि शेवटी कुणीतरी माझ्या पाठीवर चिकटवलेला 'तपासले' असा कागद. नंतर खोक्याचा अंधार. खोकं उघडलं ते एका मांडवात. जयंतीनिमित्त वस्तीत गायनाची स्पर्धा होती आणि पहिलं बक्षीस म्हणून मला टेबलावर मांडलं होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा हणमंत यांचा आवाज ऐकला.

हणमंत अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला होते. एकाच वेळी धडधडणाऱ्या मागांच्या वर आवाज जावा म्हणून त्यांना वरच्या पट्टीत गायची सवय लागली होती. मांडवात त्यांनी माइक बाजूला सारला आणि तसंच गायले. शेवटच्या रांगेतली माणसं उभी राहिली. बक्षीस त्यांनाच मिळालं. सायकलच्या कॅरिअरला मला सुतळीनं बांधून त्यांनी घरी आणलं. येसूबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारात आल्या आणि म्हणाल्या, "आता ह्येला ठिवायचं कुटं?" दुसऱ्याच दिवशी भिंतीत फळी ठोकली गेली.

दोन वर्षांनी हणमंत आणि त्यांच्या गायन पार्टीनं एक अल्बम काढला. स्टुडिओ लहान होता, दिवस एकच मिळाला होता, आणि गाणी आठ होती. अल्बमचं नाव 'पहिलं अक्षर'. पहिलं गाणं हणमंत यांनी आपल्या लेकीसाठी रचलं होतं. धम्मप्रिया तेव्हा नुकतीच पहिलीत गेली होती. गाणं सुरू होण्याआधी ते एकदा खोकतात आणि म्हणतात, "हे गाणं माझ्या लेकीला, धम्मप्रियाला." स्टुडिओवाल्यानं तो खोकला काढायला हवा होता, पण वेळ नव्हता. मग ढोलकी सुरू होते:

पाटीवरलं पहिलं अक्षर, आईला वाच गं बाई,
जे आज्याच्या हाती न्हवतं, ते तुज्या हाती येई.

त्यापुढे तीन कडवी होती. हणमंत कारखान्यात सुताच्या शंकूसारख्या रिळाभोवतीच्या कागदावर गाणी लिहायचे. पाठ झाली की तो कागद तिथंच राहायचा आणि झाडणाऱ्याच्या केरात जायचा. त्यामुळे ती गाणी वहीत कुठंच नव्हती. ती फक्त कॅसेटवर होती.

ते माझे वैभवाचे दिवस होते. संध्याकाळी दारात चपलांचा ढीग पडायचा. आत जागा संपली की बायका खिडकीशी उभ्या राहायच्या. कुणी म्हणायचं, "टेप लई गोड हाय की!" आवाज हणमंत यांचा होता, पण कौतुकातला थोडा वाटा मीही घ्यायचो.

पुढे हणमंत यांच्या छातीत सुताची धूळ बसली. शेवटच्या वर्षात दोन शब्द बोलले तरी त्यांना दम लागायचा. ते माझ्यासमोर बसून स्वतःचाच आवाज ऐकायचे आणि ओठ हलवायचे. ते गेले त्याला आता बारा वर्षं झाली.

त्यानंतर मला कुणी विचारेनासं झालं. चपलांचा ढीग थांबला. फक्त येसूबाई राहिल्या. दुपारी जेवण झालं, भांडी पालथी घातली, की त्या पदराला हात पुसून माझ्याकडे यायच्या, कॅसेट लावायच्या आणि भिंतीला टेकून बसायच्या. खोकला आला की त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायचं. वर्षातले सगळे दिवस, बारा वर्षं, एकच अल्बम.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी धम्मप्रिया फोन बघत हसत होती. ती आता विम्याच्या कार्यालयात नोकरी करते आणि आईसोबतच राहते.

"काय गं, येकटीच हसाय लागलीस?" येसूबाईंनी विचारलं.

"अगं, यादी आलीय. या वर्षी लोकांनी कुठले अल्बम सगळ्यात जास्त ऐकले, त्याची."

"वाच की."

धम्मप्रियानं यादी वाचली. पहिला एका सिनेमाचा होता. मग एका पंजाबी गायकाचा. मग दूरदेशीच्या मुलींच्या एका गटाचा, ज्याचं नाव तिलाही नीट म्हणता येईना. कोट्यवधी लोकांनी कोट्यवधी वेळा ऐकलेले अल्बम होते ते. येसूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् ह्येंचं कितव्या नंबराला हाय?"

"आई, अण्णांचा अल्बम त्यात कसा असेल? तो फोनवर नाहीच."

"का न्हाय?"

धम्मप्रिया गेली सहा-सात वर्षं 'रविवारी करू' म्हणत होती. कधी परीक्षा होती, कधी बदली, कधी पाहुणे. त्या दिवशी मात्र तिनं मला चादरीत गुंडाळलं आणि स्कूटरवरून थेट जोतिराम यांच्या दुकानात नेलं.

जोतिराम पूर्वी रेडिओ-टेप दुरुस्त करायचे. आता ते मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात. त्यांनी माझं झाकण उघडलं, आतलं रबरी चाक बोटानं दाबलं आणि बोट धम्मप्रियाला दाखवलं. बोटाला काळा चिकटा लागला होता.

"ताई, रबर इतळलंय बगा. फीत ह्याच्याखालनंच जाती. चिकटली तर गिळून टाकील. पुण्यास्नं रबर मागवतो. म्हैनाभर लागंल. तवर ह्यात कॅसेट घालू नका. आईंना बी सांगा."

मित्रांनो, माझ्या आत काय झालंय हे मला उन्हाळ्यापासूनच कळत होतं. पण मी गाणी सांगू शकतो, दुखणं सांगू शकत नाही.

येसूबाईंनी जोतिराम यांचं ऐकलं. दुपार झाली की त्या माझ्याजवळ येऊन बसायच्या, पण कॅसेटला हात लावायच्या नाहीत. अशा तेवीस दुपारी गेल्या.

तोवर धम्मप्रियानं सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं होतं की अण्णांच्या स्मृतिदिनी त्यांचा अल्बम सगळ्यांना फोनवर ऐकायला मिळेल. स्मृतिदिनाचा आदला दिवस आला. रबर आलं नव्हतं. तिनं कॅसेट हातात घेतली.

"जोतिराम न्हाय म्हणलेत," येसूबाई म्हणाल्या.

"एकदाच लावू आई. एकदा फोनमध्ये गेलं की मग काही का होईना."

"आन् अडाकलं तर?"

"नाही अडकत. बारा वर्षं तर वाजतोय."

तिनं खिडकी लावली, पंखा बंद केला, शेजारणीला मिक्सर थांबवायला सांगितलं आणि फोन माझ्यासमोर ठेवला. कळ दाबली. खोकला आला. "हे गाणं माझ्या लेकीला, धम्मप्रियाला." मी सगळा जीव एकवटून वाजवत होतो. फीत चिकटत होती, सुटत होती. एक कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. गाणं संपायला थोडाच अवकाश होता आणि फोन वाजला. कार्यालयातून होता. फोनमधलं ध्वनिमुद्रण तिथंच थांबलं.

"श्शी!" धम्मप्रिया चिडली. तिनं फोन कापला आणि ते अर्धवट ध्वनिमुद्रण पुसून टाकलं. "पहिल्यापासून करू. चांगलं झालं पाहिजे."

"ऱ्हाऊ दे की आता," येसूबाई म्हणाल्या. पण तिनं फीत मागे घेतली होती.

दुसऱ्या वेळी खोकला आला आणि तिचं नाव आलं. मग हणमंत यांचा आवाज हळूहळू जड झाला, झोपेत बोलल्यासारखा, आणि थांबला. मी फीत गिळत होतो. थांबणं माझ्या हातात नव्हतं. मोटर फिरत होती आणि चाकाभोवती फितीचे वळसे बसत होते. घाबरून धम्मप्रियानं झाकण उघडलं, कॅसेट धरली आणि ओढली. कॅसेट बाहेर आली आणि तिच्यामागून चुरगळलेली, ताणून दोऱ्यासारखी झालेली तपकिरी फीत. मग ती तुटली.

येसूबाई वाकल्या आणि जमिनीवरची फीत गोळा करून ओच्यात घेऊ लागल्या, सांडलेले दाणे वेचावेत तशा.

जोतिराम यांनी जमेल ते केलं. चुरगळलेला भाग कापला आणि उरलेली फीत नव्या कॅसेटमध्ये भरली. फितीच्या एका बाजूला पहिलं गाणं होतं आणि त्याच तुकड्याच्या दुसऱ्या बाजूला शेवटचं. दोन्ही गेली. उरलेली सहा गाणी त्यांनी गावभर विचारून मिळवलेल्या एका यंत्रावरून फोनमध्ये उतरवून दिली. माझं रबर त्यानंतर आठ दिवसांनी आलं. ते बसवून त्यांनी आत एक कोरी कॅसेट घातली, मला चालवून पाहिलं आणि म्हणाले, "आता ह्यो धा वर्सं कुरकुरायचा न्हाई." कॅसेट तशीच माझ्यात राहिली.

सहा गाण्यांचा अल्बम फोनवर चढला. महिन्याभरात तो एकवीस वेळा ऐकला गेला. त्यातल्या बऱ्याचशा वेळा धम्मप्रियाच्याच होत्या. येसूबाईंनी एकदा ऐकला. "बरं हाय," म्हणाल्या. पुन्हा लाव म्हणाल्या नाहीत.

धम्मप्रियानं दुसरी प्रत शोधायला सुरुवात केली. पार्टीतली माणसं एकेक करून गेली होती. मंद्रूपला तेवढे येडू राहिले होते. अल्बममधली ढोलकी त्यांनीच वाजवली होती. त्यांच्याकडे कॅसेट होती, पण वाजवायला काही नव्हतं, म्हणून धम्मप्रिया मला मांडीवर घेऊन एसटीनं मंद्रूपला गेली. येडूंनी पत्र्याच्या पेटीतून कॅसेट काढली. वर 'पहिलं अक्षर' असं लिहिलेलं होतं. धम्मप्रियानं माझ्यातली कोरी कॅसेट काढून ती घातली.

नव्या रबरावरून फीत सरळ निघाली. आतून बँडबाजा वाजला. मग बायकांची उखाण्यांची गडबड, आणि कुणीतरी ओरडत होतं, "नवरदेवाला पानी द्या रं!"

येडूंनी कपाळाला हात लावला. "थोरल्याच्या लग्नात कोरी कॅसेट मिळाली न्हाई गं पोरी. त्या पोरांनी हीच घातली वाटतं."

दोन्ही बाजू लग्नाच्याच होत्या. धम्मप्रिया शेवटपर्यंत ऐकत बसली. मग तिनं ती कॅसेट काढली आणि कोरी परत माझ्यात घातली.

"मामा, तुम्हाला शब्द आठवतात का? दुसरं कडवं?"

येडूंनी डोळे मिटले. पेटीच्या पत्र्यावर बोटं पडू लागली. तोच ठेका होता, तीच थाप. बराच वेळ वाजवून ते थांबले.

"हात इसरला न्हाई," ते म्हणाले, "शब्द गेलं. ते तुझ्या बापाकडं असायचं."

परत येताना एसटीत ती रडली नाही. मला घट्ट धरून खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर मला फळीवर ठेवलं आणि त्यानंतर तिनं मला हात लावलेला नाही. माझ्याकडे तिची नजर गेली की ती दुसरीकडे बघते. मी तिला दोष देत नाही. तिचं नाव त्यांच्या तोंडून फक्त त्या एकाच जागी होतं, आणि ती जागा आम्ही दोघांनी मिळून पुसली.

मित्रांनो, आता शेवटचं सांगतो. येसूबाई अजूनही दुपारी येऊन बसतात. ते गाणं आता कॅसेटवर नाही, म्हणून त्या स्वतःच म्हणतात. पहिलं कडवं म्हणतात. दुसऱ्याच्या दोन ओळी म्हणतात. तिसऱ्यातली एक. मग थांबून सांगतात की हे गाणं रचलं त्या दिवशी हणमंत जेवायचं विसरले होते, धम्मप्रियानं पाटीवर 'अ' उलटा काढला होता आणि बाप-लेक कसे हसले होते. मागच्या महिन्यात त्यांना तिसऱ्या कडव्यातली ती ओळ आठवत होती. या आठवड्यात आठवली नाही. काल दुसऱ्यातल्या एका ओळीशी त्या अडखळल्या, दोनदा मागे गेल्या आणि "जाऊ दे" म्हणाल्या.

माझ्या कळांच्या रांगेत डाव्या टोकाला एक लाल कळ आहे. ती दाबली की मी समोरचं सगळं टिपून घेतो. माझ्या पोटात कोरी कॅसेट आहे. माझं रबर नवं आहे. येसूबाई माझ्यापासून हातभर अंतरावर बसून बोलत असतात. पण हणमंत यांनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "लाल कळीला कदी हात लावायचा न्हाई, गानं पुसून जातं." येसूबाईंनी तो शब्द आजवर पाळला आहे. धम्मप्रिया त्या वेळी कार्यालयात असते.

तुमच्याही घरात कुणीतरी रोज काहीतरी बोलत असेल, आणि तुम्हाला ते शंभरदा ऐकल्यासारखं वाटत असेल. त्यांच्यासमोर आजच बसा. मध्ये फोन वाजला, आवाज आला, शब्द चुकला, तरी ते पुसू नका. रविवारची वाट बघू नका.

आत्ता दुपारचे दोन वाजले आहेत. येसूबाई पदराला हात पुसत आल्या आहेत आणि भिंतीला टेकून बसल्या आहेत. त्या बोलू लागल्या आहेत. माझी कळ मला दाबता येत नाही.