राहिलेला गाल

दुकानाचं शटर अर्धंच वर होतं. आत खुर्चीत मेहुणा बसला होता आणि त्याच्या मागे, आजारपणानंतर पहिल्यांदाच वस्तरा हातात घेऊन, दाजी. दाढी नीट झाली तर सोमवारपासून दुकान उघडायचं, नाही तर ते दुसऱ्याला चालवायला द्यायचं, असं नवरा-बायकोत ठरलं होतं. दाजींची बायको, खुर्चीतल्या मेहुण्याची बहीण, दाराशी उभी होती.

डॉक्टरांनी तिला कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. मानेतली मोठी धमनी मेंदूत शिरली की तिची सर्वांत जाड फांदी जवळजवळ सरळ पुढे जाते, ती मधली धमनी. वाट सरळ, म्हणून रक्ताची गुठळीही बहुतेक वेळा तिकडेच वाहत जाते. दाजींच्या मेंदूत ती उजव्या बाजूला, या धमनीच्या खालच्या शाखेत अडकली. हात हलवणाऱ्या भागाला रक्त वरच्या शाखेतून मिळतं; तो वाचला.

"हात शाबूत आहेत," डॉक्टर म्हणाले होते. "पण डावीकडचं त्यांच्या ध्यानातच येणार नाही. आणि येत नाही, हेही त्यांना कळणार नाही."

तिने हे सांगितलं तेव्हा दाजी हसले होते. "मला सगळं दिसतंय. तुझ्या कपाळावरची आठीसुद्धा."

"दाजी, गळा सांभाळा," मेहुणा म्हणाला. "बायको माहेरी गेलीय. ती परत येईपर्यंत तरी जगू द्या."

"बडबड बंद कर. उगाच कापलं तर माझं नाव खराब."

उजव्या गालावर दाट फेस चढला. वस्तरा आधी सरळ, मग उलटा फिरला. कानाजवळचा कल्ला रेषेत आला. हात एकदाही थरथरला नाही. हनुवटीच्या मधोमध तो थांबला. दाजींनी टॉवेलने गाल पुसला.

"झालं. बघ आरशात."

डावा गाल कोरडा होता. त्याला फेससुद्धा लागला नव्हता.

मेहुण्याने आरशात पाहिलं, मग बहिणीकडे. "वा दाजी! माशी बसली तर घसरून पडेल."

"खोटं बोलू नकोस," ती म्हणाली.

तिने दाजींच्या हातातला वस्तरा काढून आरशाखालच्या फळीच्या डाव्या टोकाला ठेवला आणि त्यांची बोटं भावाच्या डाव्या गालावर टेकवली. बोटं खाली गेली, वर आली.

"हा गाल कुठून आला?" दाजींनी विचारलं.

कुणी हसलं नाही.

"ही बाजू मी केली होती."

"नाही केली, अहो."

बोटं पुन्हा फिरली. डोळ्यांचं काहीही असो, बोटांना खोटं पाडणं दाजींना जमेना.

"राहिला असेल. करतो, मिनिटाचं काम." त्यांनी पुढे होऊन फळीवर पाहिलं. फणी, पावडरचा डबा, तुरटी. पुन्हा फणी. "वस्तरा कुठं ठेवलास?"

तो त्यांच्या डाव्या कोपराशी उघडा पडला होता. मेहुणा सांगणार होता, पण तिने मान हलवून त्याला थांबवलं. त्यांनी एकदा स्वतःहून मान वळवावी, एवढंच तिला हवं होतं.

दाजींनी फणीपासून तुरटीपर्यंत आणखी एकदा शोधलं. मग ते थांबले.

"इथेच आहे ना?"

"हो."

"जवळ?"

"कोपराशी."

त्यांनी कोपर हलवलं नाही. "आधी तो मिटव. कुणाला तरी लागेल."

तिने वस्तरा मिटला. दाजींनी मेहुण्याच्या गळ्याभोवतीच्या कापडाची गाठ सोडली आणि ते झटकलं.

"कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जा, राहिलेला गाल करून घे," ते म्हणाले. "आणि त्यालाच विचार, हे दुकान चालवतोस का."