कंट्रोलरमधला जुना गॅस

कॉम्प्रेसर गेला आणि खापर फुटलं मेव्हण्याच्या डोक्यावर. फुटणारच! ज्याच्या पाळीत मशीन बंद पडेल त्याचीच चूक, असा त्या शीतगृहाचा रिवाज होता, आणि त्या सकाळी पाळी मेव्हण्याची होती. तो अडतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. तिथले मुख्य मेकॅनिक म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. सगळे त्यांना दाजीच म्हणत, अगदी मॅनेजरसाहेबसुद्धा. दाजींनीच शब्द टाकून मेव्हण्याला कामाला लावलं होतं.

"दाजी, तीन वाजेपर्यंत कारण शोधा," साहेबांनी सांगितलं. "नाही सापडलं तर तुमचा मेव्हणा उद्यापासून घरी. वरून फोनवर फोन येतायत, माझाही नाइलाज आहे."

दाजींनी कॉम्प्रेसरचं डोकं खोललं. आतल्या झडपांच्या पट्ट्यांचे तुकडे तुकडे झाले होते. बिचारा द्रव प्यायला होता. कॉम्प्रेसरने ओढायची असते ती वाफ. द्रव पोटात गेला की त्याचा कारभार आटोपला. तसं होऊ नये म्हणून खोली गार करणाऱ्या कॉइलमधून निघणारी वाफ उकळबिंदूपेक्षा पाच-सात अंश गरम ठेवायची. त्यालाच सुपरहीट म्हणतात. ते मोजून कॉइलमध्ये द्रव सोडणारा व्हॉल्व्ह कमी-जास्त उघडायचं काम भिंतीवरच्या कंट्रोलरचं. फक्त त्याला एक सांगावं लागतं, पाइपात थंडावा देणारा गॅस कुठला आहे ते. ते चुकलं की त्याचं सगळंच गणित चुकतं.

आणि गॅस तर महिन्यापूर्वीच बदलला होता. खुद्द दाजींनी.

त्यानंतर मेव्हणा दोनदा येऊन म्हणाला होता, "दाजी, परतीच्या पाइपवर पार कॉम्प्रेसरपर्यंत बर्फ चढतोय. मला काही बरं लक्षण दिसत नाही."

"स्क्रीनवर सुपरहीट आठ आहे ना? मग तुझे डोळे जास्त शहाणे की कंट्रोलर?" दाजींनी चारचौघांत त्याची टोपी उडवली होती. सगळे खो-खो हसले होते, मेव्हणाही कसंनुसं हसला होता.

आता दाजींनी चष्मा लावला आणि कंट्रोलरचा मेनू उघडला. जुना गॅस! व्हॉल्व्हचं नियंत्रण आधी बंद केल्याशिवाय हा कंट्रोलर गॅसचा बदल स्वीकारत नाही. दाजींनी ते चालू ठेवूनच बटणं दाबली होती. नवा गॅस क्षणभर दिसला, ते खूश होऊन वळले, आणि पाठीमागे कंट्रोलर मुकाट्याने जुन्यावर गेला. नवशिक्यालाही ओरडून सांगतात ती गोष्ट, आणि तीस वर्षं घासलेला माणूस विसरला! चार माणसांत आता कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

खोली दुसऱ्या कॉम्प्रेसरवर कशीबशी चालू होती. निदान तो तरी वाचायला हवा, असं दाजींनी स्वतःला समजावलं. नियंत्रण बंद केलं, नवा गॅस निवडला, पुन्हा चालू केलं. आठाचा आकडा एकावर आला, मग व्हॉल्व्ह आवळला तसा हळूहळू सहावर जाऊन थांबला. आसपास कोणी नव्हतं.

तीनला साहेब आले. "काय दाजी, कंट्रोलर बिघडलाय का?"

"नाही साहेब. तो ठीक आहे."

"म्हणजे तुमच्या मेव्हण्यानेच लक्ष दिलं नाही."

दाजी वाकून हत्यारं पेटीत भरू लागले. साहेबांना तेवढं पुरे होतं. ते मेव्हण्याला निरोप द्यायला निघून गेले.

थोड्या वेळाने मेव्हणा मशीनरूममध्ये आला. आवाज चढवला नाही त्याने. "मशीन बंद पडल्यावर सकाळी मी मेनू बघितला होता, दाजी. जुना गॅस होता."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तुम्ही मोठे. म्हटलं, तुम्हीच सांगाल. तुमच्याबद्दल मी कसं सांगू?"

दाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मेव्हण्याचं मनगट धरलं आणि त्याला जवळजवळ ओढतच साहेबांच्या केबिनमध्ये नेलं. "साहेब, चूक माझी आहे. कंट्रोलरमध्ये जुनाच गॅस राहिला होता. मी दुपारी गुपचूप बदलला. याचा काडीचाही दोष नाही."

साहेब उठून मशीनरूमपर्यंत आले, मेनू उघडायला लावला. नवा गॅस. सुपरहीट सहा. कुठेच खोट नव्हती.

"मघाशी तुम्हीच म्हणालात, ठीक आहे म्हणून."

"खोटं बोललो, साहेब! शपथ घेऊन सांगतो. याला विचारा, याने सकाळी बघितलंय."

"तो हो म्हणणारच की." साहेबांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे खरोखरच ओलावले होते. "बायकोच्या भावासाठी स्वतःवर बालंट घेताय. मोठं मन आहे तुमचं, दाजी. पण मला हे मान्य करता येणार नाही." मग ते मेव्हण्याकडे वळले. "असा माणूस पाठीशी असायला नशीब लागतं. याची जाण ठेव."

"ठेवीन, साहेब," मेव्हणा म्हणाला आणि त्याने मशीनरूमच्या किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या.