एक मार्चचा सूर्योदय

“धर्म मी सांगतो, गुरुजी. तुमी फक्त लिवा,” डोमाजी म्हणाला आणि बाजेवर उठून बसला.

वामनराव दाराशी पोत्यावर बसले होते. सकाळी शाळा आणि दुपारपासून शिरगणती. राळेगावकडच्या या गावात दीडशेच्या वर घरं आणि घरोघरी तेच ते प्रश्न. बारा दिवसांत त्यांचे पाय सुजले होते, जीभ सुकली होती. लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्या तर मास्तरांनीच.

“आधी जन्म कुठला ते सांगा.”

“याच घरी जी. तवा वऱ्हाड होतं. मंग मध्यप्रदेश झाला, मंग मुंबई, आता महाराष्ट्र म्हणतेत. मी काई हाललो नाई, सरकारच फिरून राह्यलं.”

आत चुलीपाशी त्याची बायको सत्यभामा हसली. डोमाजीही हसायला गेला आणि खोकत बसला. हिवाळाभर त्याची छाती भरलेली होती.

गावची मेलेली ढोरं ओढण्यात आणि परगावी मयतीचे निरोप पोचवण्यात त्याचं अर्धंअधिक आयुष्य गेलं होतं. दहा कोस चालत जायचं आणि ज्याला निरोप द्यायचा, त्याच्याच अंगणाबाहेर उभं राहायचं. छप्पन साली तो नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि दोन्ही कामं त्याने त्याच दिवशी सोडली. गावाने वर्षभर त्याला मजुरीला बोलावलं नाही, तरी तो कुणाच्या पाया पडायला गेला नाही.

“गेल्या शिरगणतीले मास्तर रस्त्यावरच उभा होता,” तो म्हणाला. “पाटलानं सांगतलं, त्यानं लिवलं. आमाले कोणी इचारलंच नाई. आता मले माह्या तोंडानं सांगू द्या. बौद्ध. लिवलं? वाचून दाखवा.”

वामनरावांनी वाचलं.

“अजून एक डाव जी.”

त्यांनी पुन्हा वाचलं. दमलेल्या माणसाला दुसऱ्याची हौस जड जाते. पण डोमाजीचा चेहरा बघून त्यांना चिडता येईना.

“पक्कं झालं ना?”

“एक मार्चला सूर्य उगवताना जो जिवंत, तो मोजायचा. तेव्हा मी पुन्हा फेरी मारीन. तोवर कच्चंच.”

“तोवर राह्यतो जी मी,” डोमाजी म्हणाला.

दोन मार्चला वामनराव फेरतपासणीला आले, तेव्हा बाज अंगणात उलटी टाकलेली होती. सत्यभामा भिंतीला टेकून बसली होती.

“काल गेले,” ती म्हणाली.

वामनरावांच्या डोक्यात पहिल्यांदा नियमच आला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

“काल म्हणजे सूर्य उगवल्यावर ना?” त्यांनी हळूच विचारलं. “घरात घड्याळ नाही तुमच्या. उजाडलंच असेल, बाई.”

तिने नुसती मान हलवली असती, तरी काम भागलं असतं. तालुक्याहून कोण बघायला येणार होतं!

“नाई जी. अंधारच होता. त्याईनं पाणी मागतलं, घोटभर पेले अन् गेले. मंग लई येळानं उजाडलं.”

“मी उजाडलं होतं असंच धरतो. यात कोणाचं नुकसान आहे?”

“त्याईचं हाय. खोटं बोलायचं नाई, असं शील घेतलं होतं ना त्याईनं? मंग त्याईच्याच नावानं खोटं कायले लिवता?”

वामनरावांनी डोमाजीचा कागद काढला आणि त्यावर आडवी रेघ मारली. जन्मात एकदा या माणसाला कोणी विचारलं होतं आणि ते खोडायचं काम आपल्याच हाती यावं, याचा त्यांना फार राग आला. ते दप्तर आवरून उठू लागले.

“थांबा जी. माहा कागद काढा.”

“तुमचं सगळं बरोबर आहे, बाई.”

“कसं बरोबर? सूर्य उगवला तवा हे कुठी होते?” तिने पदर डोक्यावर सारखा केला. “नवरा हाय, असं लिवलं असन त्यात. थे खोडा.”

वामनराव पुन्हा बसले. ‘विवाहित’ खोडून त्यांनी वर ‘विधवा’ लिहिलं. शाई वाळेपर्यंत सत्यभामा त्या अक्षरांकडे बघत राहिली.

“बाजूच्या घरी आता कोणी नाई जी,” मग ती म्हणाली. “सारे वावरात गेले. पाच माणसं हाय. पाचई जित्ते हाय.”