दुर्गा सिस्टरचं दार

मुलांनो, अशी कल्पना करा. तुमच्या शाळेत पीटीचा तास आहे. कपडे बदलायचे आहेत, पण खोलीला दारच नाही. खोलीही नाही खरं तर. एका अरुंद बोळात लोखंडी कपाट आडवं ठेवलंय, त्याच्या आडोशाला उभं राहायचं. बोळातून माणसांची ये-जा चालूच. तुम्ही काय कराल? घाई कराल. एक डोळा मागे ठेवाल. आणि बाहेर आल्यावर उगाचच खजील व्हाल, जशी काही चूक तुमचीच होती.

परळच्या एका इस्पितळातल्या नर्सेस रोज असंच करायच्या. पूर्वी त्या बोळाच्या टोकाला त्यांची स्वतःची खोली होती, आतून कडी असलेली. मोठ्या साहेबांनी तिथे सोफे मांडले आणि ती पाहुण्यांची खोली झाली.

वॉर्डाची प्रमुख होती दुर्गा सिस्टर. लालबागची, कोकणातल्या माणसाची जीभ घेऊन आलेली. एकदा नवी मुलगी मनाली कपाटामागे असताना कुणा पेशंटचा नातेवाईक सरळ आत डोकावला. मनाली हुंदके देत पँट्रीत आली, तेव्हा दुर्गा म्हणाली, "बस झालं. आपली खोली परत मागायची."

"तुम्ही बोला सिस्टर, आम्ही आहोत ना मागे!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

साहेबांनी घेतलेल्या बैठकीत दुर्गा उठली. कडीचं दार असलेली खोली मागितली, मनालीचं नाव न घेता घडलेलं सांगितलं.

साहेब हसले. "तक्रार एकट्या तुमची दिसते. बाकी कुणाला काही त्रास आहे?"

दुर्गाने मागे वळून पाहिलं. कुणी पंख्याकडे बघत होतं, कुणी पायाच्या अंगठ्याकडे. मनाली तर ओढणीचं टोक पिळत बसली होती.

नंतर जिन्यात मनालीने तिला गाठलं. "सिस्टर, तुमचं बरं आहे हो, तुम्ही पर्मनंट. माझं काँट्रॅक्ट जूनमध्ये संपतंय."

"हो गं," दुर्गा म्हणाली. "आणि कपाटामागे डोकावला तो माणूस माझ्याकडे बघत होता ना!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. पण शब्द परत घेतला नाही.

तरी ती गप्प बसली नाही. दर आठवड्याला साहेबांच्या दारात उभी. शेवटी साहेब म्हणाले, "परिचारिका दिनाला या, सिस्टर. तुमच्यासाठी गोड बातमी आहे."

दुर्गाला वाटलं, मिळालं दार! त्या दिवशी तिने ठेवणीतली साडी नेसली आणि नऊ वर्षांच्या लेकीला, पूर्वीला, मुद्दाम सोबत आणलं. आईने मागितलेलं मिळतं हे पोरीने बघावं, एवढीच हौस.

स्टेजवर नाव पुकारलं गेलं. 'आदर्श परिचारिका!' शाल आली, नारळ आला. मग साहेबांनी जाहीर केलं की सोमवारपासून दुर्गा सिस्टर मुख्य कार्यालयात बसतील, सेवेचा दर्जा तपासतील. वॉर्डात यायची गरजच नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात मनाली वाजवत होती.

तोंडाला पानं पुसणं म्हणजे काय, ते दुर्गाला तेव्हा कळलं.

"साहेब, दाराचं काय?" तिने विचारलं. माइक तिच्यापासून दूर होता.

"आज आनंदाचा दिवस आहे, सिस्टर. फोटो काढूया."

खाली उतरल्यावर पूर्वीने नारळ कानाशी हलवून पाहिला. "पाणी आहे गं! सोलकढी करूया. आणि दार कुठाय?"

"हेच दार," दुर्गाने शाल तिच्या हातात कोंबली. "पांघर."

सत्कार झाला म्हणून दुपारची पाळी चुकत नव्हती. युनिफॉर्म घेऊन दुर्गा नेहमीसारखी कपाटामागे गेली; पूर्वी शाल घेऊन बोळात थांबली. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी बुटांचे आवाज आले. साहेब पाहुण्यांना घेऊन चहाला, सोफ्यांच्या खोलीकडे निघाले होते.

कपाटामागे दुर्गाचे हात थबकले. साडी सुटलेली, युनिफॉर्म अर्धवट. इतकी वर्षं 'थांबा' म्हणणारी तिची जीभ टाळ्याला चिकटली.

पूर्वीने शाल उलगडली. दोन टोकं दोन मुठींत धरून ती बोळाच्या मधोमध आडवी उभी राहिली. जरीचा काठ साहेबांच्या समोर.

"अरे वा, आईची शाल!" साहेब म्हणाले. "बाजूला सर बाळ, आम्हाला पलीकडे जायचंय."

"आत आई कपडे बदलतेय. इथे दार नाहीये."

"अगं, आम्ही बघणार नाही."

"मग थांबा."

पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. मागून चहाचा ट्रे घेऊन आलेली मनालीही थांबली, आणि तिची मान खाली गेली. साहेबांचं हसू विरलं. "सिस्टर, मुलीला जरा समजवा!"

पूर्वीचे दंड भरून आले होते. शाल मधे झुकू लागली, तशी ती टाचा उचलून चवड्यांवर उभी राहिली आणि तिने शाल आणखी वर धरली.