ऑफिसचं कपाट आणि बाबांचं नाही

आमच्या ऑफिसातले सगळ्या इमारतींचे नकाशे एका काळ्या डब्यात राहतात. त्याचं खरं नाव स्टोरेज, आम्ही म्हणतो कपाट. घरच्या कॉम्प्युटरवरून ते उघडलं की मी नकाशे काढते, नाही उघडलं की माशा मारत बसते. गुरुवारपासून माशाच मारत होते.

सरांना तेवढंच हवं होतं. मी घरून काम करते हे त्यांना पहिल्यापासून खुपायचं. आज सकाळीच फोन आला. "शाळेच्या जिन्याचे नकाशे आज जायलाच हवेत. दुपारच्या मीटिंगपर्यंत तुमचं कपाट उघडलं तर ठीक. नाहीतर सोमवारपासून ऑफिसला या, जमत नसेल तर दुसरीकडे बघा. घरून काम होत नसतं, मी आधीच म्हटलं होतं."

ऑफिसला गेले, तर बाबांना कोण बघणार? अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू गेलीय. पाणीसुद्धा चमच्याने द्यावं लागतं, जरा घाई केली की ठसका. बोलण्यातला एकच शब्द उरलाय: नाही. चहा हवा असला तरी नाही, नको असला तरी नाही. सुरावरून ओळखायचं. मला ओळखता येतं, पगारी बाईला येत नाही. ठेवून पाहिली होती एक. तिने त्यांना दिवसभर उपाशी ठेवलं आणि वर मलाच सांगितलं, "विचारलं ना, नाही म्हणाले."

मी नेटवर्कवाल्याला फोन लावला. ऑफिसात त्याला सगळे रीस्टार्ट म्हणतात, कारण सगळ्या रोगांवर त्याचं ते एकच औषध. गुरुवारी त्यानेच घरी येऊन इंटरनेटचा जुना राउटर काढून नवा बसवला होता.

"मॅडम, रीस्टार्ट केलं का?"

"कॉम्प्युटर केला, राउटर केला, आता तुम्हालाच करायचं राहिलंय."

"मग तुमच्या लाइनचा प्रॉब्लेम. मी तर सगळं सेटिंग ऑफिससारखं करून दिलंय, डिट्टो. गोंधळच नको."

माझं डोकं सटकलं. लाइनचा प्रॉब्लेम म्हणे. मग ऑफिसच्या मेल काय आभाळातून पडत होत्या? व्हीपीएन, म्हणजे घरातून थेट ऑफिसात जाणारा आतला रस्ता, तोही जोडलेला दिसत होता. पासवर्ड बरोबर होता. कपाट नावाने उघडेना, म्हणून मी त्याचा आकड्यांचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला. पान उघडलं: काळी शाई कमी आहे. आणि माझ्या पाठीमागे, बाबांच्या औषधांशेजारी, आमचा प्रिंटर घरघरला.

मी वळून त्याच्याकडे बघत राहिले. ऑफिसच्या कपाटाला शाई कशाला लागते? डिट्टो. मेल्याने माझ्या घराला ऑफिसचेच आकडे दिले होते. कपाटाचा तिथला जो पत्ता, तोच माझ्या प्रिंटरचा इथला. कॉम्प्युटर ऑफिसात जातच नव्हता. पत्ता घरातलाच दिसतोय म्हणून बिचारा प्रिंटरचं दार वाजवून परत येत होता.

राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायला मला कुणाची परवानगी नको होती. घर माझं आहे. मी घराचे आकडे बदलले, सेव्ह केलं, आणि राउटरचे सगळे दिवे विझले. आता सर म्हणणार, बघा, हिनेच मोडून ठेवलं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "नाही." हा सूर पाण्याचा होता. मी पाणी पाजलं, तोंड पुसलं, वळले तर दिवे हिरवे. व्हीपीएन पुन्हा जोडला आणि कपाट उघडलं. जिना, पायऱ्या, कठडे, सगळं जिथल्या तिथे होतं.

मीटिंगच्या आधी नकाशे गेले. थोड्या वेळाने सरांचा फोन. मी बाबांना भरवत होते, म्हणून स्पीकर लावला.

"नकाशे मिळाले, चांगले आहेत. पण आज झालं, उद्या पुन्हा अडेल. सोमवारपासून तुम्ही ऑफिसलाच या."

"सर, कपाट उघडलं तर ठीक, हे तुमचेच शब्द. घोळ तुमच्या माणसाने घातला, निस्तरला मी."

"ते असू दे. मी ठरवलंय. येताय ना सोमवारी?"

मी तोंड उघडायच्या आत बाबांनी डाव्या हाताने चमचा बाजूला सारला. "नाही."

चहाचा नव्हता, पाण्याचाही नव्हता. मी लहान असताना घरमालक दारात येऊन आवाज चढवायचा, तेव्हाचा बाबांचा हा सूर होता. मला वाटलं होतं, तो सूर गेला कायमचा.

"कोण बोललं?" सरांनी विचारलं.

"माझे बाबा. आणि माझंही तेच उत्तर आहे. घरून नको असेल तर तसं स्पष्ट सांगा, मी आजच दुसरीकडे बघायला लागते."

मग सर घसा खाकरून म्हणाले, "जिन्यात थोडी दुरुस्ती आहे. सोमवारी कपाटात टाकतो, घरूनच करा."

"टाका," मी म्हटलं आणि फोन ठेवला. चमचा पुन्हा उचलला.

"बाबा, अजून एक घास?"

"नाही," बाबा म्हणाले आणि तोंड उघडलं.