बाबांनी जोडलेला मॅक

वैदेहीने जेवताना विषय काढला. ती छोट्या फिल्म्सना संगीत द्यायला लागली होती आणि तिला लागणारं सॉफ्टवेअर फक्त मॅक कॉम्प्युटरवर चालायचं.

"बाबा, नेरूळला एक जण जुना मॅक विकतोय. बघून येऊ या?"

"जुना कशाला?" विलास पेडणेकर म्हणाले. "साधे पार्ट्स आणून मी कॉम्प्युटर जोडतो आणि त्यावर मॅकची सिस्टिम चढवतो. लोक करतात असं."

"पण ते ऑफिशियल नसतं ना?"

"चालल्याशी मतलब!"

वैदेहीने नेरूळचा विषय सोडून दिला. पावणे इथल्या कारखान्यात जन्मभर मशिनं दुरुस्त केलेला हा माणूस निवृत्त झाल्यापासून उलव्याच्या फ्लॅटमध्ये नुसता बसून असायचा. आता तो वाशीहून पार्ट्सची खोकी आणत होता, परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ थांबवून थांबवून बघत होता. स्क्रीन उजळली की आवाज नसे, आवाज आला की वायफाय नसे. अखेर सगळं जमलं त्या दिवशी विलासनी बायकोला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. "स्मिता, बघ! ओळखू येतंय का, खरा नाही म्हणून?"

वैदेहीने बापाला मिठी मारली.

कॉम्प्युटर चांगला चालला. फक्त अधूनमधून अडायचा आणि मग वैदेहीला हाक मारावी लागायची. विलास लगबगीने यायचे. त्या हाकेची ते वाट बघायचे, हे त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं. त्यांनी तिला एकच ताकीद दिली होती, "अपडेट म्हणून काही आलं तर हात लावू नकोस, सगळं बंद पडेल."

पुढे क्रांती नावाच्या दिग्दर्शिकेने वैदेहीला आपल्या फिल्मचं काम दिलं, वैदेहीचं पहिलं मोठं काम. संगीत पुरं झालं. संध्याकाळी पाठवायचं होतं. वैदेही आंघोळीला गेली तेव्हा विलास खोलीत आले. सिस्टिमचं नवं व्हर्जन आलेलं होतं आणि त्यांनी त्याची सगळी माहिती वाचून ठेवली होती. पोरगी बाहेर येईपर्यंत मशीन पहिल्यापेक्षा झकास चालेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी अपडेट सुरू केलं.

स्क्रीन काळी झाली ती काळीच राहिली.

"बाबा, काय केलंस?"

"अर्धा तास दे. आणतो जाग्यावर."

अर्ध्या तासाचे तीन तास झाले. वैदेही एकदा म्हणाली, "आतली डिस्क काढून दे, संगीत त्यातच आहे, कुणाच्या तरी मॅकवर उघडू या." विलास मान वर न करता म्हणाले, "होतंय, थांब." खरं तर काहीच होत नव्हतं. पण मशीन उघडून तिच्या हातात द्यायचं म्हणजे हरलो म्हणायचं, आणि ते त्यांच्याच्याने होईना. शेवटी त्यांनी डिस्क दिली, तोवर क्रांतीचा फोन येऊन गेला होता. फिल्म फेस्टिव्हलला जायची होती, तिला थांबणं शक्य नव्हतं. तिने दुसऱ्याकडचं तयार संगीत घेतलं.

दुसऱ्या दिवशी डिस्क एका मित्राच्या मॅकवर उघडली. सगळं जसंच्या तसं होतं. वैदेहीने ते एकदा ऐकलं आणि बंद केलं.

"मला तेव्हाच तो नेरूळचा मॅक घ्यायचा होता," ती म्हणाली. "पण तू इतका खूश होतास, की नको म्हणवेना."

ती चिडली असती तर विलासना बरं वाटलं असतं.

वर्षभरात वैदेही अंधेरीला एका स्टुडिओत लागली, तिकडेच मैत्रिणीबरोबर राहू लागली. तिने स्वतःचा मॅक घेतला. विलासनी जोडलेला कॉम्प्युटर त्यांनी नंतर चालू केला; त्यावर आता स्मिता मालिका बघते.

परवा फोनवर वैदेही सहज बोलून गेली, "माझं मशीन जरा स्लो झालंय."

"मी येऊन बघू का?" विलासनी लगेच विचारलं.



"नको बाबा," ती हळूच म्हणाली. "दुकानात देते. तू रविवारी जेवायला ये."

"येतो," ते म्हणाले.